मागच्या गादीवरचा माणूस

“हप्ते बुडवले ते बुडवले, वर आपल्याच गावात मोटार मिरवायला निघालाय,” भिवराबाई म्हणाल्या. “सटवा, चढावर धोंडे लाव.”

पालीच्या पुढचा तो चढ बैलांना घाम फोडणारा. त्याच्या माथ्यावर छकडा उभा करून, पडदा बोटभर सारून त्या बसल्या होत्या.

यजमानांच्या माघारी मोटार गेवराईच्या आप्पारावाने हप्त्यांवर घेतली. पहिला हप्ता आला, पुढे नुसते निरोप आले. सौदा दीर मोहनरावांनी बैठकीत केला, तेव्हा घराण्याच्या रिवाजाप्रमाणे भिवराबाई पडद्याआड होत्या. आप्पाराव त्यांनी ऐकला होता, पाहिला नव्हता.

एकुलता एक राधाकिशन काल पाया पडून म्हणाला होता, “आई, लाठी नको. मला एकदा बोलून पाहू द्या.”

“तुझ्या वडिलांच्या मोटारीत तो बसतो, अन् तू बोलत बस!”

बीडला जातो एवढेच सांगून पोर भरल्या ताटावरून उठून गेले.

“बाईसाहेब, त्याला वळखू कसा?” सटवाने विचारले.

“मालक कुठं बसतो, हेही मीच सांगू? मागच्या गादीवर असेल तो आप्पाराव. जगला तर हप्ते देईल, मेला तर धाक राहील. पुढच्या चाकराला मात्र मारू नका. तोंड तेवढं बांधा.”

खाली धुरळा उठला. मोटार धापा टाकीत वर आली आणि धोंड्यांपाशी अडली. पुढे चक्र धरलेला खाकी कोटातला माणूस, मागे धुळीपायी उपरण्याने तोंड गुंडाळलेला दुसरा.

सटवाच्या जोडीदाराने पुढच्याला खाली ओढून तोंडात फडके कोंबले. मागचा उठू पाहत होता. सटवाची लाठी डोक्यात बसली. दुसऱ्या घावाने त्याचा आडवा आलेला हात मोडला. मग लाठी थांबलीच नाही. गादीवरचे रक्त मोटारीच्या पायरीवर ठिबकू लागले. खाकी कोटवाला बांधल्या तोंडाने गुरासारखा हंबरत होता.

भिवराबाईंनी नजर हलवली नाही.

“थंडा झाला,” सटवा धापा टाकीत म्हणाला. “कमरेला थैली हाय. लई जड.”

थैली त्यांनी मांडीवर घेतली. “म्हणजे होते की रुपये मेल्याकडं! त्या चाकराचं तोंड सोडा. गेवराईला निरोप तोच नेईल.”

फडके निघाले. तो माणूस छकड्यापुढे गुडघ्यांवर कोसळला आणि बोलू लागला. पहिल्याच शब्दाला भिवराबाईंच्या हातातला पडदा निसटला. हा आवाज त्यांनी पूर्वी ऐकला होता.

“वैनी, आप्पाराव मी हाय. मोटार मीच हाकतो. समदे हप्ते राधाकिशनरावांच्या हवाली केले, अन् पाहुण्याला मानानं मागं बसवून तुमच्याच घरी पोचवायला निघालतो.”