हिरवं धुराडं

बायको एफी वारल्यावर महिन्याभराने वॉटीने घराबाहेरचं करडं दगडी धुराडं हिरवं रंगवलं. जन्मभर तिने तेवढंच मागितलं होतं. त्या स्कॉटिश गावातले कोळी याच धुराड्याची खूण धरून खडकांतून बंदरात शिरत, आणि हिरवा रंग म्हणजे त्यांना साक्षात अपशकुन. त्या संध्याकाळी सगळ्या बोटी शेजारच्या गावाला लागल्या.

त्यांच्यातलाच एक कोळी, गिब, तिथून बसने परतला आणि धुराड्याकडे पाठ करून अंगणातूनच ओरडला, "वॉटीदादा, डोकं फिरलंय का तुझं? खरवड तो रंग आधी!"

"एफीची इच्छा होती."

"अरे, वहिनी कोळ्याची लेक! हिरवं दिसलं की आम्ही इकडे फिरकणार नाही, हे तिला ठाऊक नव्हतं?"

"चांगलं ठाऊक होतं. बोटी दिसल्या की मी मासळी तोलायला धक्क्यावर पळायचो. ती म्हणायची, एक संध्याकाळ तरी मेल्या येऊ नयेत."

गिब पाठमोराच म्हणाला, "उद्या मीच येतो खरवडायला, डोळ्यांवर पट्टी बांधून. आज बस घरी."

वॉटी आत गेला आणि लग्नानंतर पहिल्यांदाच संध्याकाळचा एफीच्या खुर्चीसमोर बसला.