मिटलेले डोळे

जॅझच्या मैफलीत सॅक्सोफोनवर मनाला येईल तसं रंगवत मी इतका लांब गेलो, की मूळ चाल कुठे राहिली तेच कळेना. थांबलो असतो तर पितळ उघडं पडलं असतं, म्हणून मी वेग वाढवला. बोटं अशी पळत सुटली, जणू मागे कुत्रं लागलंय. मी जितका घाबरत होतो, तितक्या जोरात टाळ्या पडत होत्या.

आमच्यात वाट चुकलेल्याने बास गिटारवाल्याकडे बघायचं असतं. चाल पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, की तो मानेने खूण करतो. आमचे बासवाले काका या कामात मुरलेले. मी पुन्हा पुन्हा पाहिलं, तर काका डोळे मिटून तल्लीन.

शेवटी ड्रमवाल्याने दणका देऊन एकदाचं संपवलं. अख्खं सभागृह उभं राहिलं.

पडद्यामागे गेल्या गेल्या मी म्हणालो, "काका, माझा इथे जीव जात होता आणि तुम्ही मजा घेत होता?"

काकांनी बास गिटार भिंतीला टेकवली.



"मजा कसली, बाबा. मी तुझ्या आधीच हरवलो होतो. तू माझ्याकडे बघशील, या भीतीने डोळेच मिटून घेतले."