मेणावरची सभा

"टाळ्यांसाठी थांबलात ना बाई, मेण वाया गेलं," रेकॉर्डिंगवाला म्हणाला.

बाई पत्र्याच्या कर्ण्यासमोर उभ्या होत्या. बाटल्यांच्या कारखान्यातल्या बायांच्या पुढारी; सगळ्या त्यांना नुसतं बाई म्हणायच्या. सभेची सवय. एक वाक्य दणकून टाकायचं, गप्प राहायचं, लोक वाजवतात. इथे कोण वाजवणार? खोलीत तो, बाई आणि बाईंचा नवरा. आवाज कोरून घेणारी मेणाची चकती मात्र फिरत राहिली. तिच्यावर मावतं जेमतेम तीन मिनिटांचं बोलणं.

उद्या बाईंच्या गळ्याचं ऑपरेशन. डॉक्टरने तोंडावर सांगितलं होतं, जीव वाचेल, आवाज नाही. संप महिन्याभराने. तोवर या मेणावरून तबकडी छापून यायला हवी. कारखान्याच्या गेटवर वाजायला हवी.

"हे शेवटचं मेण." त्याने दुसरी चकती बसवली. "आवाज चढला की मागे सरका. नाहीतर सुई उडते."

"बोलताना मागे सरकणं मला नाही जमत."

"मी ओढतो." नवऱ्याने मागून खांदे धरले. "लग्न झाल्यापासून तेच करतोय. ऐकलंय कधी?"

"तुम्ही गप्प बसा हो. या भोंग्याकडे बघून शब्दच फुटत नाही. समोर माणूस पाहिजे."

"घरात भांडताना कधी गर्दी लागली तुला? मी एकटा पुरायचो की."

बाई हसल्या. खोकला आला, तो दाबला.

"करा सुरू."

या वेळी त्या कुठे थांबल्या नाहीत. आवाज चढला की नवरा मागे ओढायचा, उतरला की पुढे ढकलायचा. दोघं घामाने भिजले. मेणावर थोडीच जागा उरली तसा रेकॉर्डिंगवाल्याने हात वर केला. म्हणजे आता नाव. शेवटी बोलणाऱ्याने स्वतःचं नाव सांगायचं, तशी पद्धतच होती. त्यावरून छापणाऱ्यांना कळायचं मेण कोणाचं, आणि ऐकणाऱ्यांना कळायचं कोण बोललं.

बाईंनी हात बघितला. नवऱ्याचे हात झटकले, कर्ण्यात जवळजवळ तोंडच घातलं.

"पोरींनो, कोणी कितीही धमकावलं तरी आत जायचं नाही. एकमेकींचा हात सोडायचा नाही."

सुई उचलली गेली.

"अहो बाई, नाव राहिलं! कोण बोललं ते ऐकणाऱ्यांना कळणार कसं?"

आवाज बसला होता. बाईंनी पाण्याचा घोट घेतला, कसाबसा गिळला.

"त्यांना माझं नाव कुठे माहीत आहे?" त्या म्हणाल्या. "आवाज माहीत आहे."