लाल म्हणजे बोलावणं

कणीक तिंबताना कुंदाने वर पाहिलं. भिंतीवरची दिव्यांची पट्टी पुन्हा लाल झाली होती. म्हणजे बाहेरच्या खोलीत नवऱ्याने बटण दाबलं होतं. त्याला चहा हवा होता.

गेल्या वर्षी तापात तिचे कान गेले, तेव्हा दिगंबरने आठवडाभर खपून ही पट्टी बसवली. काडेपेटीएवढा एक बोर्ड, त्यात कॉम्प्युटरवरून चढवलेला प्रोग्राम. कुकरची शिट्टी झाली की निळा, दारावरची बेल वाजली की पिवळा आणि दिगंबर बोलावत असला की लाल. "नशीब काढलंस हो," शेजारीण म्हणाली, ते कुंदाने तिच्या ओठांवरून वाचलं होतं.

पट्टी नव्हती तेव्हा तो स्वतः आत यायचा. ती दचकू नये म्हणून खांद्यावर अलगद हात ठेवायचा, मग समोर उभा राहून सावकाश बोलायचा. आता पाणी हवं असलं तरी लाल, चष्मा सापडत नसला तरी लाल.

चहा देऊन आल्यावर तिने बोर्डातली एक बारीक वायर ओढून काढली आणि पोळ्या लाटायला घेतल्या. पट्टी विझलेलीच राहिली.

चौथ्या पोळीला खांद्यावर हात आला. कुंदा वळली नाही. लाटणं तसंच धरून तिने डोळे मिटले.

त्या हाताने तिला बाजूला सारलं. तिने डोळे उघडले, तेव्हा दिगंबर स्टुलावर चढून पट्टी चाचपत होता आणि भिंतीकडे तोंड करून काहीतरी बोलत होता.