परमिटवाला व्याही

दारूबंदीचे दिवस होते. मेहकरचे नारायणराव सरकारी परमिटवर रोज घरीच एक पेग व्हिस्की घेत. पण जानेफळचे पाहुणे लेकीला बघायला आले, त्या दिवशी त्यांनी बाटली कणगीत दडवली. कुणी चहाडी केली तर सोयरीक मोडेल, या धास्तीनं त्यांचा पाय एका जागी ठरेना.

चहा झाल्यावर मुलाच्या बापानं त्यांना ओसरीवर बाजूला घेतलं.

"नारायणराव, तुमच्यापाशी परमिट हाय म्हने. खरं काय?"

"हाव," नारायणराव कसंबसं म्हणाले.

"मंग जमलं म्हना! माह्या पोराले बी रोज लागते. सासरा-जावई संगंच बसत जा."



सोयरीक नारायणरावांनीच मोडली.