जाकिटाखालचा डाग

मेम्फिसच्या पोलिसांत असलेला वेंडेल दवाखान्यातून घरी आला, तो ड्युटीवरच्या जोडीदाराला, कर्टिसला, सोबत घेऊनच. कर्टिस काही केल्या जायचं नाव घेईना.

"चोराने समोरून गोळी झाडली गं, लोरीन! बुलेटप्रूफ जाकिटाच्या विणलेल्या थरांनी ती आतल्या आत अडकवली, नुसता मुका मार बसलाय. मी याच्या मागेच होतो, म्हणून वाचलो," असं सांगत तो कॉफी करायला स्वयंपाकघरात गेला.

बर्फ लावायला लोरीनने नवऱ्याचा शर्ट काढला. छातीवर ओरखडासुद्धा नव्हता. बशीएवढा काळानिळा डाग पाठीवर होता.

ती काही बोलणार, तोच वेंडेलने तिच्या तोंडावर हात ठेवला.

"आधी त्याला घराबाहेर जाऊ दे."