दुपारपुरती खाज

हेमांगीने आपला डावा हात खाजवून खाजवून लाल केला, पण खाज तसूभरही कमी झाली नाही. होणार कशी? ती मुळी तिची नव्हतीच. मनगटावरच्या पट्टीने सहा वर्षांच्या रेणूच्या एक्झिमाची खाज दुपारपुरती आईच्या अंगात आणून सोडली होती. कातडी मात्र लेकीचीच होती.

कोमट पाण्याची अंघोळ, ओलसर अंगावर मलम, सुती बाह्या, बारीक कापलेली नखं, सगळं करून झालं होतं. आज कितीतरी दिवसांनी रेणू निवांत चित्र रंगवत बसली होती. हेमांगीने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आई, खूप खाजतंय?"

"नाही गं. तू रंगव."

रेणूला काही ते पटलं नाही. तिने बाही वर सारली.

"थांब, मी खाजवते तुझ्यासाठी."

ब्रशच्या दांड्याने ती स्वतःचाच डावा हात कराकरा खाजवू लागली. पट्टीमुळे बधिर झालेल्या त्या हाताला काही कळत नव्हतं. मलम पुसलं गेलं, कातडी सोलली, रक्त आलं.

हेमांगीला "बास, बाळा" म्हणायचं होतं. तिच्या तोंडून निघालं, "जरा खाली."